पेटी सगळ्यात शेवटी घ्या: पाड्यावरच्या मधपाळाला उभं करताना

पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबक या नाशिकच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत मी मधपाळांना शिकवण्याचं काम करते. पावसाळा सरत आला की फोन सुरू होतात. कधी एखादी संस्था असते, कधी कंपनीच्या सीएसआरचं काम बघणारे अधिकारी, कधी शहरात नोकरीला लागलेला आणि गावासाठी काही करू बघणारा मुलगा. प्रश्न बहुतेक एकच असतो: "ताई, पन्नास मधपेट्या वाटायच्या आहेत, कुठून घेऊ?"

मी सांगते, पेटी सगळ्यात शेवटी घ्या. वाटलेल्या पेट्यांत पुढे नागलीचं बी साठवलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. त्या माणसांना माशांची आवड नव्हती असं मुळीच नाही. पहिल्या पावसाळ्यात माशा उडून गेल्या आणि तेव्हा विचारायला जवळ कुणी नव्हतं, एवढंच झालं.

आधी फुलोरा

ज्या पाड्यावर काम करायचं, तिथे आधी वर्षभराचा फुलोरा कागदावर मांडा. हे काम कार्यालयात बसून होत नाही. गुरं राखणारी मुलं आणि रानभाजी, डिंक, हिरडा गोळा करणाऱ्या बायका यांच्याबरोबर बसा. बारा महिन्यांचे बारा रकाने आखा आणि विचारा, या महिन्यात कशावर माशी बसते? आमच्याकडे साधारण असं चित्र निघतं. भादवा-अश्विनात खुरसणी (कारळा), तेरडा, सोनकी, उडीद. त्यानंतर तूर आणि वाल. थंडी ओसरताना काटेसावर, पळस, पांगारा, आंब्याचा मोहोर. मग करंज, करवंद, जांभूळ, हिरडा, बेहडा, आणि पावसाच्या तोंडावर ऐन. त्यानंतर आषाढ-श्रावणात जवळजवळ काहीच नाही. फुलं असली तरी पाऊस माशीला बाहेर पडू देत नाही.

कारवीचा वेगळा रकाना करा. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षी मध भरपूर मिळतो, पण त्या वर्षाच्या आकड्यावर पुढचा हिशोब बांधायचा नाही.

सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी माशी, मध आणायला साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या परिसरात फिरते. तेवढ्या गोलात कागदावरची झाडं खरोखर आहेत का, ते चालून बघा. सलग दोन महिन्यांहून जास्त रकाना रिकामा राहत असेल, तर त्या पाड्यावर पहिल्या वर्षी पेट्या ठेवू नका, झाडं लावा आणि खुरसणी पेरा. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, कारण निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा असतो. तरीही मी यावर अडून बसते. ज्या रानात खायला नाही तिथे वसाहत आणून बसवणं हा त्या माशांवरही अन्याय आहे आणि त्या माणसावरही.

माशी कोणती

महाराष्ट्रात सातेरी, आग्या, फुलोरी आणि डंख नसलेली पोयाची माशी या आपल्या माशा. बाहेरून आणलेली मेलिफेरा ही पाचवी. पेटीत राहणाऱ्या मुख्य दोनच: सातेरी आणि मेलिफेरा.

मेलिफेरा मध जास्त देते, यात शंका नाही. पण तिला मोठमोठे सलग फुलोरे लागतात. मेलिफेरावाले मधपाळ पेट्या ट्रकमध्ये घालून राजस्थानच्या मोहरीपर्यंत जातात. ज्याच्याकडे दीड एकर डोंगरउताराची जमीन आहे आणि जो दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातो, त्याला हे परवडणार नाही. सातेरी याच रानातली आहे. झाडाच्या ढोलीत, वारुळात, घराच्या भिंतीत ती राहतेच. इथला पाऊस आणि इथली फुलं तिला ठाऊक आहेत.

उत्पन्नाबद्दल पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला. सातेरीची चांगली सांभाळलेली पेटी वर्षाला पाच ते दहा किलो मध देते. वाईट वर्षी त्याहून कमी. दोन पेट्यांवर घर चालत नाही. मग फायदा कुठे? शेतात. खुरसणीच्या फुलाला त्याच झाडाचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा यावा लागतो आणि तो माशीच आणते. काकडी, दोडका, भोपळा यांची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, तिथेही तेच. परसातल्या वेलींना लागलेली वाकडी, अर्धवट वाढलेली काकडी हे बहुतेक वेळा परागीभवन अपुरं झाल्याचं लक्षण असतं. मध हा त्याच्यावरचा पैसा समजा. असं समजून जे आले ते टिकले.

माणसं कशी निवडायची

ज्याला आधीपासून ढोलीतला मध काढता येतो त्याला पहिला विचारा. त्याची भीती गेलेली असते आणि माशी कुठे राहते हे त्याला माहीत असतं. काही ठिकाणी अशाच लोकांना "हे पोळी जाळणारे" म्हणून बाजूला ठेवतात. माझा अनुभव असा की पोळ्यात राणी कुठली, पिलावा (अंडी, अळ्या आणि कोषांचा भाग) कुठला हे एकदा डोळ्यांनी बघितलं की त्यांच्याइतकी काळजी दुसरं कुणी घेत नाही.

बायकांना घ्याच. पेटी घराजवळ असते, तिची रोजची नजर त्यांची असते, आणि पुरुष बाहेरगावी कामाला गेले तरी त्या पाड्यावर असतात. प्रशिक्षणाची वेळ मात्र त्यांना विचारून ठरवा. सकाळी अकराला बैठक ठेवली आणि त्या आल्या नाहीत, तर त्यांना रस नाही असा अर्थ काढू नका. त्या पाण्याला किंवा सरपणाला गेलेल्या असतात.

एका पाड्यावर आठ-दहा घरं घ्या, दहा गावांत एकेक नको. आणि एका घराला किमान दोन पेट्या. याला कारण आहे. एका पेटीतली राणी मेली तर दुसरीतली ताजी अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली चौकट (माशा जिच्यात पोळं बांधतात ती लाकडी चौकट) पहिलीत ठेवता येते. कामकरी माशा त्यातल्या अळीला राजान्न भरवून नवी राणी तयार करतात. अंडं घातल्यापासून साधारण सोळा दिवसांत ती बाहेर येते. एकच पेटी असेल तर हा उपाय हाताशी नसतो. मग कामकरी माशाच अंडी घालू लागतात. पोळ्याच्या एकेका घरात दोन-तीन अंडी दिसतात, त्यातून फक्त नर निघतात, आणि वसाहत संपते.

पेटी आणि तिची जागा

आता पेटी. ती शक्यतो तालुक्यातल्याच सुताराकडून करून घ्या. मापाची एक चांगली पेटी त्याला नमुना म्हणून द्या आणि एक गोष्ट परत परत सांगा: चौकट आणि पेटीची भिंत यांत साधारण ८ मिलिमीटर जागा राहिलीच पाहिजे. माशीला ये-जा करायला तेवढी लागते. जास्त सोडली तर माशा तिथे पोळं बांधून चौकट भिंतीला जोडतात, आणि तपासायला चौकट उचलली की पोळं फाटतं, कधी राणीही चेंगरते. लाकूड वाळलेलं हवं. आत रंग किंवा पॉलिश नको.

जागा घराच्या मागे, झाडाच्या हलक्या सावलीत, तोंड शक्यतो पूर्वेला. पायवाटेवर नको आणि गुरांच्या गोठ्यासमोर तर नकोच. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या आठवड्यात पेटी रिकामी करतील. जवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात चार दगड, म्हणजे माशी बुडत नाही.

रानातली वसाहत पेटीत आणताना

खुरसणी फुललेली असते तेव्हा, किंवा काटेसावरीपासून जांभळापर्यंतच्या दिवसांत, वसाहत आणा. आल्या आल्या तिला खायला मिळालं पाहिजे. संध्याकाळी उन्हं कलल्यावर हलका धूर द्यायचा, एकेक पोळं कापायचं. पिलाव्याची पोळी चौकटीत बसवून केळीच्या सोपाच्या दोऱ्याने बांधायची, जशी ढोलीत होती तशीच वरची बाजू वर ठेवून. मधाची पोळी पेटीत बांधू नका. ती जड असतात, तुटून पडतात, आणि सांडलेल्या मधावर मुंग्या येतात. राणी आत गेली की बाकीच्या माशा आपोआप मागे येतात. दारावर काही दिवस राणी-जाळी (जिच्यातून राणी बाहेर पडू शकत नाही) लावा, आणि पोळं चौकटीला चिकटलं की दोरा काढून टाका. पेटी रात्री हलवा, सगळ्या माशा आत आल्यावर.

इथे माझे काही नियम आहेत आणि त्यांत मी सूट देत नाही. वसाहतीसाठी झाड तोडायचं नाही. देवराईतल्या वसाहतीला हात लावायचा नाही. एका रानातल्या जेवढ्या वसाहती माहीत आहेत त्यातल्या बहुतेक जागेवर राहिल्याच पाहिजेत. पुढच्या पेट्या जोमदार वसाहतीचं विभाजन करून भरायच्या. "पर्यावरणासाठी मधमाशीपालन" असं फलकावर लिहून रानातल्या ढोल्या रिकाम्या करणं मला पटत नाही.

पहिलं वर्ष

सगळा जोर इथे लावा. तुमच्या खर्चाचा मोठा वाटा पेट्यांऐवजी एका माणसावर जाऊ द्या, जो पाड्यावर राहतो आणि दर आठ दिवसांनी प्रत्येक पेटी मालकाबरोबर उघडतो. "मालकाबरोबर" महत्त्वाचं. त्याने स्वतः उघडून तपासून निघून जायचं नाही. मधपाळाने चौकट उचलायची, याने शेजारी उभं राहायचं.

बघायचं काय? अंडी दिसतात का (दिसली म्हणजे राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत होती, तिला शोधत बसायची गरज नाही). पिलावा सलग आहे की विरळ. वरच्या कडेला मधाची पट्टी आहे का. तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) भुसा आणि जाळी दिसते का. जाळी म्हणजे मेणकिडा. तो कमजोर वसाहतीतच शिरतो. माशा ज्या चौकटींवर बसत नाहीत त्या काळ्या, जुन्या पोळ्यांच्या चौकटी काढून घ्या, तळपाट दर वेळी खरवडून पुसा. रोगांत थाई सॅक ब्रूड सगळ्यात वाईट. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती त्याने संपवल्या. अळी कोषात जाण्याआधीच मरते, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी दिसते आणि चिमट्याने अख्खी उचलून येते. असं दिसलं तर त्या पेटीची चौकट दुसऱ्या पेटीत नेऊ नका, हत्यारं आणि हात धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडू नका.

आणि पावसाळा. इथेच वसाहती जातात. पाक द्यायचा: साखर आणि पाणी समप्रमाणात, पेटीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर पुरते. संध्याकाळीच, पेटीच्या आत, एकाच दिवशी पाड्यावरच्या सगळ्या पेट्यांना. एकीला दिला आणि दुसरीला नाही तर दुसरीच्या माशा लुटायला येतात. थेंब बाहेर सांडू देऊ नका. पेटीचं दार लहान करा, वर पत्रा किंवा प्लास्टिक टाका. पाकाच्या दिवसांत मधकोठी (मध साठवायचा पेटीचा वरचा कप्पा) काढून ठेवलेली असली पाहिजे, म्हणजे साखरेचा पाक मधात जाणार नाही. पाकाची साखर मधपाळाकडे पावसाआधीच पोचवा. श्रावणात घरातली साखरसुद्धा उधारीवर आलेली असते, तेव्हा माशीसाठी साखर आण असं आपण कुणाला म्हणू शकत नाही.

माशा पराग आणायचं थांबल्या, अंडी दिसेनाशी झाली आणि साठा संपत आला, तर वसाहत निघायच्या तयारीत आहे. त्या दिवशी त्याच संध्याकाळी पाक, आणि शक्य असेल तर दुसऱ्या पेटीतली पिलाव्याची एक चौकट. पिलावा सोडून माशी सहसा जात नाही.

मध काढणं

फक्त मधकोठीतला, आणि चौकटीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग मेणाने सीलबंद झालेला. पिलाव्याच्या कोठीतला मध माशांचा आहे, तो पावसाळ्यासाठी तसाच ठेवायचा. यंत्राने फिरवून मध काढला की पोळं शाबूत राहतं आणि माशा ते लगेच परत भरतात. पिळून काढला तर पोळं नव्याने बांधावं लागतं. पाड्याला मिळून एक यंत्र पुरतं.

एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) मानकाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. सातेरीचा मध मुळात पातळ असतो, म्हणून सील होईपर्यंत थांबणं हाच खरा उपाय. त्याच मानकात कारवीच्या मधासाठी साखरेच्या मर्यादा वेगळ्या दिल्या आहेत. तुमच्या भागात कारवी फुलली असेल तर प्रयोगशाळेला नमुना देताना तसं लिहून द्या. मध तापवू नका. कापडातून गाळा, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा.

बाटलीवर गाव, महिना आणि मुख्य फुलोरा लिहा. थंडीत मध रवाळ होतो, ती भेसळ नव्हे, हेही लिहा, नाहीतर पहिली तक्रार तीच येते. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे ठळक लिहा. आपल्याकडे बाळाला गुटीबरोबर मध चाटवायची रीत आहे, पण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. पाड्यावरच्या बैठकीतही हे सांगते, कारण चांगला मध पहिला घरातल्या तान्ह्यालाच दिला जातो.

खरेदीचा भाव मध काढण्याआधी ठरवा आणि पैसे त्याच दिवशी हातात द्या. मजुरीवर जगणाऱ्या घराला "महिन्याने देतो" चालत नाही. तो बाजारात मिळेल त्या भावाला मध विकून टाकेल आणि त्यात त्याची काहीही चूक नसेल.

आग्या माशीचा मध

आग्या पेटीत राहत नाही. कड्यावरचा, उंच झाडावरचा मध आजही लोक काढतात आणि काढत राहतील, तेव्हा पद्धत बदलायला मदत करा. पेटत्या मशालीने माशा जाळून अख्खं पोळं खाली पाडलं तर पिलाव्यासकट वसाहत जाते, शिवाय ठिणगीने वणवा लागतो. आग्याच्या पोळ्यात मध एका वरच्या कोपऱ्यात जाड थरात असतो आणि पिलावा खाली. पोशाख घालून, धूर देऊन तेवढाच मधाचा भाग कापला तर माशा परत येऊन तो पुन्हा भरतात. वर्ध्याच्या सेंटर फॉर सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने ही पद्धत आदिवासी मध काढणाऱ्यांना शिकवली आहे. पोशाख आणि चांगला दोर यांवर खर्च करा. कड्यावरून पडून माणसं मेलेली आहेत. वनहक्क कायदा, २००६ मध्ये मध आणि मेण गौण वनोपजात स्पष्टपणे आलं आहे. त्यामुळे ग्रामसभेचा सामूहिक दावा मंजूर आहे का, तेही विचारून घ्या.

सरकारी मदत

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्यांच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं आणि साहित्याला ५० टक्के अनुदान असतं. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. अर्जासाठी कागद लागतात, आणि पाड्यावर अडचण तिथेच येते. आधार, बँकखातं, दाखला यांसाठी कुणाला तरी बरोबर घेऊन तालुक्याला जाणं ही फार मोठी मदत असते. शक्य झालं तर चार मधपाळांना महाबळेश्वरजवळच्या मांघरला घेऊन जा. मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आमच्या बायकांनी तिथल्या बायकांशी जे बोलणं केलं, ते मी वर्गात कधी शिकवू शकले नसते.

फवारणी आणि बांध

पेटीच्या परिसरातल्या सगळ्या शेतकऱ्यांची बैठक घ्या, पेटी नसलेल्यांचीही. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. टाळता येत नसेल तर सूर्य मावळल्यावर फवारा आणि आदल्या दिवशी मधपाळाला कळवा, म्हणजे तो रात्री दार बंद करून ठेवेल. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही नावं पाठ करून घ्या. माशीला ती फार घातक आहेत. तणनाशकाने बांध साफ केला की तेरडा आणि सोनकी जाते. त्याची चर्चा कुणी करत नाही, पण पावसाळ्यातून तगून आलेल्या वसाहतीला पहिला घास तिथेच मिळतो.

झाडं लावताना जांभूळ, करंज, हिरडा, शिकेकाई घ्या आणि लवकर फुलणारा शेवगा घराभोवती लावा.

तिसऱ्या वर्षी तुमचं जाणं-येणं कमी झालं पाहिजे. यंत्र, पोशाख आणि नोंदवही गटाच्या ताब्यात द्या आणि विभाजनाचं काम पाड्यावरच्या दोघांना पूर्ण येतं का, ते त्यांच्याकडून करवून बघा. निधीतले थोडे पैसे उरतात तेव्हा "आणखी पेट्या घेऊ का" असं विचारतात. मी खुरसणीचं बी घ्यायला सांगते. आमच्या उतारांवर ती मागे पडत चालली आहे, बी मिळत नाही म्हणून पुष्कळ जण पेरत नाहीत. आषाढ संपायच्या आत ते घराघरांत पोचलं, तर माळावर पेरायला वेळ मिळतो.